भारतातून भावंडं दत्तक घेताना: अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांचे नेहमीचे प्रश्न

अमेरिकेत राहून भारतातून, बहुतेकदा महाराष्ट्रातूनच, दोन किंवा तीन भावंडं एकदम दत्तक घेऊ पाहणारी कुटुंबं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट जवळपास प्रत्येक उत्तरात डोकावेल. कायदा भावंडांकडे एकत्र पाहतो, कचेऱ्या मात्र दर मुलामागे वेगळी फाइल उघडतात. बहुतेक खोळंबा तिथेच होतो.

दोन मुलं एकदम मागितली तर रांग लांबते का?

उलट, बहुधा कमी होते. भारतात नोंदणी केलेली बहुसंख्य जोडपी दोन वर्षांच्या आतलं निरोगी बाळ मागतात आणि त्यासाठी तीन वर्षांहून जास्त थांबतात. चार वर्षांची बहीण आणि सात वर्षांचा भाऊ अशी जोडी मात्र स्वतःच घराची वाट पाहत बसलेली असते.

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ५९ मध्ये हे धरलेलंच आहे. मूल दत्तकमुक्त, म्हणजे दत्तक द्यायला कायद्याने मोकळं, घोषित झाल्यापासून ६० दिवसांत भारतातल्या किंवा अनिवासी भारतीय पालकांकडे गेलं नाही, तर ते परदेशी दत्तकासाठी खुलं होतं. अशा परदेशी दत्तकात भावंडं, पाच वर्षांवरची मुलं आणि अपंगत्व असलेली मुलं यांना प्राधान्य देता येतं. तरी आकड्यांचं भान असू द्या. २०२३-२४ मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणामार्फत, म्हणजे ‘कारा’मार्फत, ४,००९ दत्तकविधानं झाली आणि त्यातली परदेशातली ४४९.

आम्ही ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेले, भारतीय वंशाचे कार्डधारक) आहोत. आम्हाला भारतीय धरतात की परदेशी?

पासपोर्ट कोणता, यावर ठरतं. भारतीय पासपोर्ट असेल तर तुम्ही अनिवासी भारतीय, आणि प्राधान्यक्रमात भारतात राहणाऱ्यांच्या बरोबरीचे. अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड असेल तर तुमचा नंबर ते ६० दिवस उलटल्यावर लागतो. परदेशी अर्जदारांमध्ये मात्र भारतीय वंशाच्या लोकांना आधी विचारलं जातं.

यावरून कोणी म्हणेल, मग भारतीय पासपोर्टच बरा. पुढचा प्रश्न वाचा.

आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे. एच-वन असलेल्यांचं काय?

हे उत्तर ऐकून लोक नाराज होतात. भारताची बाजू मोकळी असते, अमेरिकेची नसते. भारत आणि अमेरिका दोघेही १९९३ च्या हेग दत्तक कराराला बांधलेले आहेत, भारत २००३ पासून आणि अमेरिका २००८ पासून. या करारातला आय-८००ए, म्हणजे पालक म्हणून पात्रता ठरवणारा अमेरिकेचा अर्ज, फक्त अमेरिकन नागरिकाला करता येतो. पतिपत्नींपैकी एक नागरिक असला तरी पुरतं, पण एक तरी हवाच.

दोघंही ग्रीन कार्डवर किंवा एच-वनवर असाल, तर मुलांना अमेरिकेत आणायचा सरळ रस्ता नाही. इमिग्रेशन कायद्यातल्या व्याख्येत दत्तक मूल बसवायचं, तर साधारणपणे दोन वर्षं कायदेशीर ताबा आणि दोन वर्षं एकत्र राहणं दाखवावं लागतं. एच-फोर, म्हणजे एच-वनवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसालाही हीच व्याख्या लागते. म्हणजे कोणाला तरी मुलांसोबत दोन वर्षं भारतात राहावं लागतं. नागरिकत्वाच्या मुलाखतीची तारीख जवळ आली असेल, तर आधी शपथ घ्या, मग दत्तकाच्या अर्जाला हात घाला. ‘बघू पुढचं पुढे’ म्हणत मुलांचा विषय सुरू करू नये.

आमच्या गावाजवळच्या संस्थेत ओळख आहे. थेट तिथूनच सुरू करता येईल का?

नाही. ओळखीने काम करून देतो म्हणणाऱ्यापासून तर चार हात लांबच राहा. परवानगीशिवाय मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे आणि विशेष दत्तक संस्थांना देणगी घ्यायलाही मनाई आहे.

क्रम असा आहे. अमेरिकेतली, काराची मान्यता असलेली संस्था, म्हणजे तुमची एजन्सी, निवडायची. ती होम स्टडी, म्हणजे तुमच्या घराची आणि कुटुंबाची पाहणी, करते. मग आय-८००ए मंजूर होतो. मग तीच संस्था काराच्या ‘केअरिंग्ज’ पोर्टलवर तुमची नोंद करते. मुलांची माहिती येते, तुम्ही स्वीकारता. मग प्रत्येक मुलासाठी आय-८००, म्हणजे त्या ठरावीक मुलाला अमेरिकेत आणण्याचा अर्ज, भरायचा आणि त्याची तात्पुरती मंजुरी घ्यायची. व्हिसाच्या अर्जाची पहिली छाननी झाली की अमेरिकेचा दूतावास काराला संमतीपत्र देतो. मग काराचं ना हरकत प्रमाणपत्र, आणि त्यानंतरच भारतातला दत्तक आदेश.

हा क्रम उलटला तर पंचाईत होते. आधी मुलं ताब्यात घेतली, आधी आदेश मिळवला किंवा गावाकडे दत्तकपत्र नोंदवून टाकलं, तर हेगचा रस्ता अडतो. मग तो मोकळा करायला वकील आणि वर्षं दोन्ही लागतात.

होम स्टडीत किती मुलं लिहायची? आमचं अजून ठरलेलं नाही.

नुसतं ‘एक किंवा दोन’ लिहून भागत नाही. किती मुलं, कोणत्या वयोगटातली, मुलगा की मुलगी, वैद्यकीय गरजा कितपत झेपतील, हे सगळं होम स्टडीत स्पष्ट लागतं, आणि आय-८००ए ची मंजुरी त्याच चौकटीत मिळते. ‘शून्य ते चार वर्षं, एक मूल’ अशी मंजुरी हातात असताना पोर्टलवर पाच आणि आठ वर्षांच्या बहिणी दिसल्या, तर मंजुरी तुमच्या कामाची राहत नाही. होम स्टडी सुधारा, पुरवणी अर्ज भरा आणि तोवर त्या बहिणी तुमच्यासाठी थांबतील अशी आशा करा.

म्हणून भावंडांचा विचार मनात असेल, तर पहिल्याच दिवशी होम स्टडी करणाऱ्या समाजसेविकेला सांगा आणि वरची वयोमर्यादा सढळ ठेवा. तीन भावंडंही चालणार असतील तर तीन लिहा. तीन लिहून दोन घेता येतात, दोन लिहून तीन घेता येत नाहीत. खोल्या किती, कमाई किती, दोघंही नोकरीला असाल तर पहिले काही महिने घरी कोण राहणार, हे ती विचारणारच. ‘आजी येईल भारतातून’ हे उत्तर मराठी घरांत ठरलेलं आहे. आजीला व्हिसावर एका खेपेला साधारणपणे सहा महिनेच राहता येतं, हे समाजसेविकेलाही माहीत असतं.

आय-८००ए ची मंजुरी १५ महिने टिकते. ती संपायच्या आधी मुदतवाढ मागायची. बोटांच्या ठशांची मुदतही वेगळी लिहून ठेवा.

वयाची अट काय?

दत्तक विनियम २०२२ नुसार पतिपत्नींच्या वयांची बेरीज पाहतात. मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर ८५, दोन ते चार असेल तर ९०, चार ते आठला १००, आठच्या पुढे ११०. मूल आणि पालक यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत. घरात आधीच दोन मुलं असतील तर सर्वसाधारण यादी तुमच्यासाठी बंद असते. मग विशेष गरजा असलेली किंवा घर मिळायला अवघड ठरलेली मुलंच दाखवली जातात.

अमेरिकेच्या बाजूने आय-८०० मूल १६ वर्षांचं व्हायच्या आत भरावा लागतो. सख्खं धाकटं भावंड त्याच पालकांकडे येत असेल, तर थोरल्याला १८ पर्यंत सवलत आहे. ही सवलत २०१० च्या दुरुस्तीने हेगच्या मुलांनाही लागू झाली.

दिराची दोन मुलं आहेत. दीर-जाऊ दोघंही गेले. घरातल्या घरात दत्तकपत्र करून आणता येतील का?

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नाचे येतात, आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच. गावाकडचा वकील म्हणतो, हिंदू दत्तक कायदा १९५६ आहे, दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवू, चार दिवसांत काम होईल. भारतात राहणाऱ्यासाठी ते ठीक. पण परदेशी दत्तक बाल न्याय अधिनियमाखालीच व्हावं, असं त्या अधिनियमाच्या कलम ५६ मध्ये स्पष्ट आहे.

शिवाय हिंदू दत्तक कायद्यात भावंडांच्या बाबतीत एक अडचण आहे, ती वकीलही सांगायला विसरतात. कलम ११ म्हणतं, मुलगा दत्तक घ्यायचा तर आधीचा मुलगा हयात नसावा. मुलगी घ्यायची तर आधीची मुलगी हयात नसावी. म्हणजे भाऊ-बहीण घेता येतील, दोन भाऊ किंवा दोन बहिणी घेता येणार नाहीत. पहिल्याचं दत्तकपत्र झालं की तो तुमचा मुलगा झाला, आणि दुसऱ्याचा रस्ता बंद. बाल न्याय अधिनियमात अशी अट नाही.

तेव्हा नात्यातल्या मुलांसाठी बाल न्याय अधिनियमाच्या कलम ६० चा रस्ता धरा. त्यात नातेवाईक म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा. मावसभावाची मुलं त्यात बसत नाहीत, कितीही घरोबा असला तरी. वयाच्या बेरजेची अट इथे लागत नाही. आईवडील हयात नसल्यामुळे मुलांच्या वतीने बाल कल्याण समितीची परवानगी लागते. पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमतीही घेतात. जिल्हा बाल संरक्षण कक्ष घरी येऊन कौटुंबिक अहवाल करतो. अर्ज, काराचं प्रमाणपत्र आणि अमेरिकेचा क्रम वरचाच.

हाच प्रश्न आईवडील हयात असताना विचारला जातो, तेव्हा उत्तर कडू असतं. ‘भावाची परिस्थिती बेताची आहे, मुलं आमच्याकडे चांगली शिकतील’ एवढ्यावर अमेरिकेत काम होत नाही. दोन्ही आईवडील हयात असतील, तर ते मुलांचा नीट सांभाळ करू शकत नाहीत हे दाखवावं लागतं, आणि त्यांनी दिलेली संमती कायमची, परत न घेता येणारी असावी लागते. शिक्षणासाठी मुलं पाठवायची असतील, तर दत्तक हा मार्गच नव्हे.

दोघांच्या जन्मतारखा जुळत नाहीत. फाइल अडेल का?

अडेल. म्हणून माहिती हातात आली की आधी तारखा बघा, फोटो नंतर.

सोडून दिलेल्या मुलांकडे जन्माचा दाखला नसतोच. वय दातांवरून, हाडांवरून, उंचीवरून अंदाजाने ठरवतात आणि तारीख लिहितात. भावंडं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या डॉक्टरांसमोर गेली, की अंदाज वेगवेगळे होतात. दोन सख्ख्या बहिणींच्या जन्मतारखांत पाच महिन्यांचं अंतर असलेली फाइल मी पाहिली आहे. एकीच्या अहवालात ‘अंदाजे ४ वर्षे’, दुसरीच्या अहवालात ‘अंदाजे ४ ते ५ वर्षे’, आणि कारकुनाने दोन्ही ठिकाणी ताळमेळ न बघता तारीख टाकलेली. मुलींचं नातं खरं होतं, खोट्या होत्या त्या फक्त तारखा. पण व्हिसा देणारा अधिकारी ते कसं मानणार?

तारीख दुरुस्त करायचा अधिकार ना तुमच्या एजन्सीला, ना दत्तक संस्थेला. संस्थेने बाल कल्याण समितीकडे अर्ज करायचा, समितीने वैद्यकीय तपासणीचा आदेश द्यायचा आणि दुरुस्त आदेश काढायचा. हे दत्तक आदेशाच्या आधी झालं पाहिजे. आदेशातली तारीख पुढे जन्मदाखल्यावर, पासपोर्टवर आणि व्हिसावर चढते. तिथून ती मागे आणायला घाम फुटतो.

त्याच वेळी आणखी दोन कागद पाहून घ्या. दत्तकमुक्त असल्याच्या दाखल्यात भावंडांचा उल्लेख आहे ना? आणि दोन्ही बाल अभ्यास अहवालांत मुलं सापडल्याची हकिकत एकसारखी आहे ना? एकात ‘बसस्थानकावर’ आणि दुसऱ्यात ‘रेल्वे फलाटावर’ असं असेल, तर तो प्रश्न कोणीतरी काढणारच.

भावंडं वेगवेगळ्या संस्थांत आहेत, असं कसं?

सहा वर्षांपर्यंतचं मूल शिशुगृहात, म्हणजे विशेष दत्तक संस्थेत राहतं. त्यापुढचं बालगृहात. त्यामुळे एकाच दिवशी सापडलेली भावंडं दोन पत्त्यांवर राहतात, कधी दोन जिल्ह्यांत. बालगृहातल्या मुलाचे कागद दत्तक संस्थेइतके तयार नसतात. एजन्सीला विचारायचा प्रश्न असा: दोघांची फाइल एकच दत्तक संस्था चालवते आहे का? ‘हो’ असेल तर निर्धास्त व्हा. ‘बघतो’ असेल तर दर आठवड्याला विचारत राहा.

मुलं आठवड्यातून किती वेळा भेटतात, हेही विचारा. त्यासाठी कोणताही अर्ज नाही, पण धाकटीला थोरला आठवत नाही अशी वेळ येऊ नये.

माहिती आल्यावर विचार करायला किती वेळ मिळतो?

राखून ठेवायला ९६ तास, आणि राखल्यापासून ३० दिवसांत अहवालांवर सही करून स्वीकारायचं. दोन मुलांचे वैद्यकीय अहवाल चार दिवसांत वाचून घ्यायचे, तर बालरोगतज्ज्ञाशी आधीच बोलून ठेवा. अमेरिकेच्या मोठ्या बालरुग्णालयांत परदेशी दत्तकासाठी खास विभाग असतात. अहवालात कमी वजन, कमी डोक्याचा घेर, उशिरा बोलणं अशा नोंदी असणारच. त्यातलं पोषणाने भरून येण्यासारखं काय आणि न येण्यासारखं काय, हे तुमच्या भावाने नव्हे, डॉक्टरने सांगायचं.

आमच्याच कागदांवर नावं वेगवेगळी आहेत.

मराठी घरांची ही खास व्यथा. लग्नात बाईचं आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, कधी तर पाटावर तांदळात लिहून पहिलं नावही बदललं. शाळेच्या दाखल्यावर एक, विवाह नोंदणीत दुसरं, अमेरिकन पासपोर्टवर तिसरं. त्यात अमेरिकेत कोणी वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लावतं, कोणी गाळतं.

दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र करा आणि तुमच्या राज्याच्या कार्यालयातून अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालेल असं प्रमाणीकरण, करून घ्या. सुरुवातीलाच करा. दत्तक आदेशात जे नाव जाईल, तेच मुलांच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून येईल. आणि मुलांची नावं? पहिली नावं राहू द्या, ती त्यांच्याकडे आलेल्या थोड्याच गोष्टींपैकी आहेत. मधलं नाव आणि आडनाव दोघांचं अक्षरशः सारखं लिहा. एकाच्या नावात ‘व्ही’ आणि दुसऱ्याच्या नावात ‘डब्ल्यू’ नको.

आदेश कोर्ट देतं की जिल्हाधिकारी?

१ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी. संस्था जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत अर्ज करते. सुनावणी बंद दाराआड होते आणि दोन महिन्यांत निकाल द्यावा, असं कायदा म्हणतो. निवडणुका, पूर, अधिवेशन, बदल्या यांत जिल्हाधिकाऱ्यांचं टेबल भरलेलं असतं, तेव्हा विमानाची तिकिटं तारीख बदलता येईल अशीच काढा. आदेशावर हरकत असेल तर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं.

भावंडांचे अर्ज एकाच दिवशी दाखल झाले आणि एकाच दिवशी सुनावणीला आले, एवढं संस्थेकडून बघून घ्या. आदेश हातात आला की तिथेच बसून वाचा. दोन्ही मुलांची नावं, तारखा, तुमची नावं. कचेरीतून बाहेर पडण्याआधी चूक दाखवली तर ती टायपिंगची चूक असते. महिन्याने दाखवली तर तिचा वेगळा अर्ज होतो.

व्हिसाला काय अडू शकतं?

क्षयरोगाची चाचणी. दोन वर्षं आणि त्यावरच्या मुलांची रक्ताची चाचणी होते. ती सकारात्मक आली तर एक्स-रे, आणि त्यात काही दिसलं तर थुंकीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहायची चाचणी, ज्याला आठ आठवडे लागतात. एक भावंड पास, दुसरं कल्चरवर, असं झालं की कुटुंब दोन देशांत विभागतं. दूतावासाच्या पॅनेलवरच्या डॉक्टरांकडे दोघांना एकाच दिवशी न्या, म्हणजे अडचण असली तर लवकर कळेल. दत्तक व्हिसाचं काम दिल्लीच्या दूतावासातून चालतं.

लसींचं मात्र टेन्शन घेऊ नका. दहा वर्षांपर्यंतच्या दत्तक मुलांसाठी, अमेरिकेत पोचल्यावर ३० दिवसांत लसी देऊ, असं प्रतिज्ञापत्र चालतं.

एकाचे कागद आधी झाले, तर त्याला घेऊन येऊ का?

येऊ नका. एक पालक मुलांपाशी थांबा. दुसऱ्याने नोकरीवर परत जावं.

खर्च दुप्पट होतो का?

नाही. होम स्टडी एकच, आय-८००ए एकच. सख्ख्या भावंडांच्या दुसऱ्या आय-८०० ला वेगळं शुल्क नाही. भारतातल्या संस्थेचं परदेशी दत्तकाचं ठरलेलं शुल्क ५,००० डॉलर आहे. भावंडांसाठी ते कसं लावणार, हे एजन्सीकडून लेखी घ्या. व्हिसा, वैद्यकीय तपासणी आणि विमान हे मुलागणिक.

परतावाही मुलागणिक मिळतो. अमेरिकेची दत्तक करसवलत २०२५ सालासाठी दर मुलामागे १७,२८० डॉलरपर्यंत आहे, त्यातले ५,००० डॉलरपर्यंत कर देणं नसलं तरी मिळतात. परदेशी दत्तकात ती आदेश अंतिम झाल्यावरच मागता येते, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या सीमेवर आदेश असेल तर सीएला विचारा.

दुबईतल्या बहिणीलाही हेच लागू आहे का?

बरंच वेगळं आहे. संयुक्त अरब अमिराती हेग करारात नाही, तेव्हा भारतीय नागरिकांचा अर्ज तिथल्या भारतीय दूतावासामार्फत जातो. तिला तिथेच विचारायला सांगा.

मुलं घरी आली. आता तरी कागद संपले?

दोन वर्षं नाहीत. पहिल्या वर्षी दर तिमाहीला आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याचा अहवाल काराला जातो. प्रत्येक मुलाचा वेगळा, फोटोसह. एजन्सीची समाजसेविका घरी येते.

आदेश भारतातच अंतिम झालेला असल्याने मुलं आयएच-३ व्हिसावर येतात. अमेरिकेत पाऊल ठेवताच ती नागरिक होतात, आणि नागरिकत्वाचा दाखला टपालाने आपोआप येतो. भावंडांचे दाखले एकत्र येतीलच असं नाही. दोन्ही हातात आल्यावर नावांची स्पेलिंग पुन्हा तपासा आणि सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत नोंद बदलून घ्या. मुलं नागरिक झाल्यामुळे त्यांचा भारतीय पासपोर्ट आता वापरायचा नाही, तो रद्द करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं. ते हातात आलं की ओसीआयचा अर्ज करा, दोघांचा वेगवेगळा, पण एकाच दिवशी.